खिडकीतला पिवळा

खानावळवाली स्वतः येऊन दोन शब्द सुनावून गेली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पेट्या परत पाठवल्या. हातगाडीवाल्याने त्या अंगणात उतरवल्या, तांब्याभर पाणी प्यायला आणि जाता जाता सांगितलं की बाईंचा हात पोळलाय, कोपरापर्यंत पट्टी आहे. वाडगा हातातच बुडापासून सुटला आणि आत कढत सूप होतं. बाई काही बोलल्या का, असं आत्याने विचारलं. नाही, तो म्हणाला, एवढंच म्हणाल्या की त्या घरची भांडी आहेत, नीट उतरव.

ते ‘नीट उतरव’ घरातल्या प्रत्येकाच्या जिव्हारी लागलं.

ओळीने तिसरी भट्टी कच्ची निघाली होती. भांडी वरून देखणी दिसत. कपात चहा ओतला की मात्र टेबलावर ओला गोल उमटायचा. वाडग्यावर टिचकी मारली तर खणखणायच्या ऐवजी ठक्क वाजायचं, पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. या घरच्या भांड्यांनी असा आवाज कधी केला नव्हता. गावातल्या निम्म्या घरांत लोक यांच्याच ताटल्यांत जेवत आणि यांच्याच बरण्यांत मीठ ठेवत. भांडं जुनं झालं तरी फुटत नाही म्हणून नवं घ्यायची वेळ येत नाही, अशी गिऱ्हाइकांची उलटी तक्रार असायची.

बुधवारी सकाळी चहा झाल्यावर कुणी उठायचं नाही असं बाबांनी बजावलं, तेव्हाच धाकट्याने ओळखलं की आज कुणाचं तरी काही खरं नाही. आपलं नसावं, एवढीच त्याने मनात प्रार्थना केली. दुकान तो सांभाळायचा. परत आलेला माल त्याच्याच गल्ल्यासमोर येऊन आदळत होता आणि गिऱ्हाइकांची तोंडं त्यालाच बघावी लागत होती. पण घरात त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. अजून तरी.

स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाचं एक टोक जेवायचं आणि दुसरं कामाचं. कामाच्या टोकाला आत्या बसली होती. समोर फळीवर अर्धवट वाळलेले कप होते, हाताशी ओल्या मातीच्या वळ्या. घरावर वीज पडली तरी ती कपांना कान लावायचं थांबवणार नाही, असं तिची भाचरं म्हणत. त्यात थट्टा होती तसं तथ्यही होतं. कप जास्त वाळला की कान धरत नाही, आणि मातीला घरातल्या भांडणाशी काही घेणंदेणं नसतं.

“दुपारी भट्टी पेटवायची,” बाबा म्हणाले. “भरून तयार आहे. शुक्रवारी माझं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या आत उरकायची. पण लाकूड हा घालणार नाही.”

हा म्हणजे कोण, हे त्यांनी हनुवटीने दाखवलं. थोरला भिंतीला टेकून उभा होता. बसायला खुर्ची असतानाही तो उभाच राहायचा. कळायला लागल्यापासून भट्टीपुढे उभं राहून त्याला तीच सवय लागली होती.

“वीटभट्टीवरचा एक माणूस सांगून ठेवलाय,” बाबा पुढे म्हणाले. “तो येईल. हा उद्यापासून दुकानात बसेल.”

“दुकानात मी आहे, बाबा,” धाकटा म्हणाला.

“मग दोघं बसा. गप्पा मारा.”

“लाकडात काय खोट निघाली?” थोरल्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. त्याचा आवाज चढतच नसे, आणि बाबांना त्याचाच जास्त राग यायचा.

“लाकडात नाही, घालणाऱ्यात. शेवटी शेवटी हात आखडतोस तू. मी भट्टीच्या खिडकीपाशी उभा असतो, मला कळत नाही का? ज्वाळा वर येतेय म्हणेपर्यंत बसते.”

“मी आखडत नाही. तुम्ही थांब म्हणता, मी थांबतो.”

“म्हणजे मी लवकर थांबवतो?”

हो कोण म्हणणार? या घरात तसं बोलायची रीत नव्हती.

मग नेहमीप्रमाणे सगळं सगळ्यांवर गेलं. आत्या म्हणाली, लाकूड ओलं असेल. थोरला म्हणाला, एक वर्ष वाळवलेलं होतं. बाबांनी धाकट्याला विचारलं, नव्या खाणीची माती कुणाच्या सल्ल्याने आणली. धाकट्याने सांगितलं की नव्या मातीची पहिली भट्टी तर उत्तम निघाली होती. तेव्हा बाबांनी भांड्यांवरच्या झिलईचा विषय काढला, आणि झिलई घोटणारी थोरली सून ओट्याशी पाठमोरी उभी होती तिचा हात थांबला. कुंभाराच्या घरात फोडायला खापरांची वाण नसते. फोडायचं कुणाच्या डोक्यावर एवढाच प्रश्न होता, आणि फिरून फिरून ते थोरल्याच्याच डोक्याशी येऊन थांबत होतं. कारण तो उलट उत्तर देत नसे.

“खानावळीत जाऊन तुम्ही काय सांगितलंत?” थोरल्याने अचानक विचारलं.

बाबांनी कप उचलला. तो रिकामा होता.

“तुम्ही चारचौघांत सांगितलंत की मुलगा कामचुकार निघाला. मला त्या बाईंनी नाही सांगितलं. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या पोरीने सांगितलं, तेही कीव करून.” त्याने बाबांच्या हातातल्या कपाकडे बघितलं. “वीटभट्टीवरचा माणूस येऊ द्या. मी दुकानात बसणार नाही. टाइल्सच्या कारखान्यात जागा आहे, मी विचारून आलोय. पहिल्या तारखेपासून या म्हणाले.”

ओट्यापाशी काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. धाकट्याने बघितलं. वहिनी वळून नवऱ्याकडे बघत होती, आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

●

तिला खरंच माहीत नव्हतं. राग आला तो आधी याचाच, की मला नाही सांगितलं. दुसऱ्याच क्षणी स्वतःचा राग आला, कारण न सांगितलेलं असं काहीतरी तिच्याकडेही होतं.

मागच्या आठवड्यात ती आणि सासरे पायरीवर बसून कप निवडत होते. झिलई एकच, पण भट्टीत कप कुठे बसतो त्यावर तिचा रंग ठरतो. काही कप पांढरेशुभ्र निघतात, काही पिवळट. पिवळट कप स्वस्तात विकायचे, ही जुनी पद्धत. बाबांचा हात यात कधी चुकत नसे. ऑपरेशननंतर मात्र ते पिवळट कपही पांढऱ्यांत ठेवू लागले होते, आणि ती मुकाट्याने मागून निवड करायची. म्हातारं माणूस, नव्याने दिसायला लागलंय, होईल सवय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. झिलईत निळं काही पडलंय का, असंही ते दोनदा विचारून गेले होते, आणि तिला ते टोमणे वाटले होते.

त्या दिवशी वारा होता. बाबांच्या उजव्या डोळ्यात, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात, कण गेला. त्यांनी त्यावर हात धरला आणि तसंच, एका डाव्या डोळ्याने, ते कप निवडत राहिले. आणि एकही कप चुकला नाही. हात काढला, आणि पुन्हा चुकायला लागले.

भट्टीची खिडकी तिच्या डोळ्यांपुढे आली.

खिडकी म्हणजे एका विटेएवढं भोक. वीट काढायची, आतल्या आगीचा रंग बघायचा, वीट लावायची. आग लाल असते, मग नारिंगी होते, मग पिवळी, आणि तिथून पुढे कुठेतरी एक क्षण येतो जेव्हा ‘थांब’ म्हणायचं. आधी म्हटलं तर माल कच्चा, नंतर म्हटलं तर वाकडा होऊन एकमेकाला चिकटलेला. तो रंग घरात एकच माणूस बघायचा. आजेसासऱ्यांपासून तसंच होतं, दोघांनी बघितलं की दोन मतं होतात म्हणून. धाकट्याने मध्ये उष्णता मोजायचं यंत्र आणलं होतं, तर पहिल्याच भट्टीत त्याची कांडी तडकली. बाबा खूश झाले होते. आणि कांडी धड असती तरी कुठल्या आकड्याला थांबायचं हे यंत्राला कोण सांगणार होतं? चांगल्या भट्टीचा आकडा कुणी कधी घेतलाच नव्हता.

म्हणजे सगळा कारभार त्या एका डोळ्यावर. आणि तो डोळा बदलला होता.

हे तिला कळलं होतं आणि ती गप्प बसली होती. सासऱ्याला तुमचे डोळे चुकतात असं सुनेने सांगायचं? आणि ऑपरेशन भाऊजींनी मागे लागून करून घेतलं, त्यांच्या तोंडावर? तिने वाट बघायचं ठरवलं. आता नवरा कारखान्यात निघाला होता, आणि गप्प बसण्याची किंमत तिला समोर भिंतीला टेकून उभी दिसत होती.

तिने फडताळातून दोन कप काढले आणि टेबलावर सासऱ्यांपुढे ठेवले.

“बाबा, एक विचारू? रागावू नका. यातला पिवळट कुठला?”

“आता हे काय मध्येच? दोन्ही पांढरे आहेत.”

“आता उजव्या डोळ्यावर हात ठेवून बघा.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. कपांकडे नाही. त्या बघण्यात न कळल्याचा भाव नव्हता, आणि तेच तिला भयंकर वाटलं. यांना माहीत आहे, तिच्या मनात आलं. यांना हे केव्हाचं माहीत आहे.

“ठेव की रे हात,” आत्या म्हणाली. तिचेही हात थांबले होते.

“माझी परीक्षा घेता?” बाबा उठले. “माझ्या घरात, माझ्या टेबलावर?” खुर्ची मागे पडली ती त्यांनी उचलली नाही. ते भट्टीच्या छपराकडे निघून गेले.

“काय आहे हे, वहिनी?” धाकट्याने विचारलं.

तिने सांगितलं. वारा, कण, कप, सगळं. “त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता ना, त्याचा रंगच पिवळा. त्यातून त्यांना सगळं पिवळं दिसायचं आणि हळूहळू होत गेल्यामुळे त्यांना ते कळलंही नाही. त्या पिवळ्यावर ते थांबायचे आणि बरोबर थांबायचे. आता डोळा स्वच्छ झालाय, म्हणून पिवळट कपही पांढरा वाटतो. आग पूर्वीपेक्षा लवकर उजळ दिसते त्यांना. त्यांचा तो पिवळा आता फार आधी येतो.”

“म्हणजे वाईट डोळ्याने बरोबर भाजत होते आणि चांगल्या डोळ्याने कच्चं,” धाकटा म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यात हसू नव्हतं. “म्हणजे मी. मीच मागे लागलो होतो. डॉक्टर म्हणाले होते, रंग जरा वेगळे दिसतील, सवय होईल. मी वर विनोद केला, की बरं होईल, आमच्या दुकानाच्या भिंती नव्या वाटतील.”

“तू आंधळं ठेवायचं होतंस का त्यांना?” थोरला म्हणाला.

धाकट्याने मान वर केली. दुकान आणि भट्टी यांच्यात कधी फारसं पटलं नव्हतं. एक कष्ट करतो आणि दुसरा मिरवतो, असं एकाला वाटायचं. एक हातांनी काम करतो म्हणून त्याचीच घरात किंमत, असं दुसऱ्याला. आज सकाळपासून पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“दादा,” धाकटा म्हणाला, “आता पुढची भट्टी कोण बघणार? शुक्रवारनंतर त्यांचा तो रंग कुणालाच दिसणार नाही. त्यांनासुद्धा नाही.”

थोरल्याने वाकून बाबांची खुर्ची उभी केली आणि सवयीने टेबलाशी सारून ठेवली.

●

भट्टीचं छप्पर चहूबाजूंनी उघडं होतं. मधोमध भट्टी, पाठीवर वर्षानुवर्षांची काजळी घेऊन बसलेली. बाबा तिच्या पायाशी लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते. आत्या पदराला माती पुसत आली आणि दुसऱ्या ओंडक्यावर बसली. ती मोठी बहीण होती आणि तो धाकटा भाऊ. त्याचे केस पिकले आणि दात पडले तरी तिच्या हिशेबात तो धाकटाच होता.

“केव्हापासून माहीत आहे तुला?” तिने विचारलं.

“काय?”

“माझ्याशी नको.”

त्याने पायाशी पडलेली लाकडाची ढलपी उचलून भट्टीच्या तोंडाशी टाकली.

“दुसरी भट्टी कच्ची निघाली तेव्हा,” तो म्हणाला. “अंघोळ करून टॉवेलने तोंड पुसत होतो. एक डोळा झाकला गेला, टॉवेल पिवळा. दुसरा झाकला, टॉवेल पांढरा. दोन-तीनदा करून बघितलं. पोरं करतात तसं.”

“आणि बाहेर येऊन काय केलंस?”

“चहा मागितला.”

“आणि पोराला शिव्या घातल्यास.”

“हो.”

“आणि तिसरी भट्टी पेटवलीस. आणि त्या बाईचा हात भाजला.”

“ताई, पुरे.”

“पुरे कसं? तू चारचौघांत त्याला कामचुकार म्हणालास. या भट्टीपुढे त्याच्या भुवया जळाल्यात, किती वेळा जळाल्यात, मोज. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तू त्याच्या अंगावर गेला असतास.”

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते हात अजून चाकावर सरळ होते.

“मला भीती वाटली,” तो म्हणाला. “चाक काय, कुणीही फिरवेल. कान तू लावतेस, झिलई सून करते, लाकूड पोरगा घालतो. माझं काय आहे इथे? ही खिडकी. खिडकी गेली तर मी कोण? कोपऱ्यात बसून चहा मागणारा म्हातारा. त्यापेक्षा चूक त्याची असू दे, असं वाटलं. तो तरुण आहे, त्याला सोसेल. असं वाटलं खरं. आता सांगायला लाज वाटते.”

आत्याने त्याला धीर दिला नाही. धीर द्यायची ती वेळ नव्हती आणि तिचा तो स्वभावही नव्हता.

“आपल्या बाबांच्या मागे तू किती भट्ट्या घालवल्यास, आठवतं?” ती म्हणाली.

“आठवतं.”

“ते गेले आणि रंग घेऊन गेले. तुला एकदाही बघू दिलं नाही. मी एकदा चोरून वीट काढली होती, तर मागून अशी थोबाडीत बसली की मला आगीऐवजी तारेच दिसले.”

तो नकळत हसला, आणि मग लगेच त्याचा चेहरा पडला.

“दोन वर्षं आपण फुटकं विकलं,” ती पुढे म्हणाली. “आई रात्री जेवायची नाही आणि भूक नाही म्हणायची. तू तेव्हा मला म्हणाला होतास, ताई, मी असं करणार नाही. माझ्या पोराला मी आधीच दाखवेन. मी विसरले नाहीये.”

“दाखवणारच होतो.”

“कधी?”

दर भट्टीला त्याने पुढची भट्टी म्हटलं होतं, आणि पोराच्या डोक्यात पांढरे केस आले होते.

भट्टीमागून कुणीतरी लाकडं रचल्याचा आवाज आला. दोघांनी वळून बघितलं. थोरला पलीकडच्या बाजूला लाकूड रचत होता, जाड एकीकडे, बारीक एकीकडे, दुसऱ्याला वापरायला सोपं जावं तसं. वीटभट्टीवरच्या माणसासाठी रचत होता. उद्या जायचं असलं तरी आजचं काम नीट करायचं, एवढंच त्याच्या पाठीवरून कळत होतं. बाबांना ते बघवेना.

“डावा अजून आहे,” ते हळूच म्हणाले.

“काय?”

“डावा डोळा. शुक्रवारपर्यंत आहे. पिकलाय, धूसर आहे, पण आग दिसेल. उजव्यासारखाच असेल का, सांगता येत नाही. पण तेवढाच आहे.” ते उठले. गुडघा धरून, आत्याच्या खांद्याला धरून. “त्या वीटभट्टीवाल्याला नको म्हणून सांग. धाकट्याला पाठव. आणि सुनेला म्हणावं,” ते अडखळले, “सुनेला म्हणावं, पिवळट कप बरोबर ओळखलेस.”

“तूच सांग. तुला तोंड आहे.”

●

भट्टी बुधवारी दुपारी पेटली आणि गुरुवारी दुपारपर्यंत जळत राहिली. आळीपाळीने झोपायचं, पण थोरला झोपला नाही. बाबांनी त्याला लाकूड घाल म्हटलं, त्याने घातलं. का बोलावलं हे त्याने विचारलं नाही, आणि कारखान्यात जाणार की नाही हे कुणी त्याला विचारलं नाही. बायको पाण्याचा तांब्या देऊन जायची. एकदा ती म्हणाली, अहो, मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही. तो म्हणाला, तूही. मग तिने रिकामा तांब्या घेतला आणि तो भट्टीकडे वळला.

सकाळी बाबा सुनेजवळ गेले होते. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. त्यांना बोलायला वेळ लागला आणि तिला रडायला लागला नाही, एवढं धाकट्याने लांबून बघितलं.

दुपार झाली. छपराखाली उभं राहवत नव्हतं. थोरल्याच्या अंगातला सदरा वाळून कडक झाला होता. भट्टीच्या तोंडाशी तो बारीक लाकूड सारत होता, एक आत गेलं की दुसरं, आणि भट्टी आतून घुमत होती. बाबा खिडकीपाशी उभे होते. आत्या, सून आणि धाकटा पलीकडे खांबाशी होते. भट्टी थांबवताना एवढी माणसं इथे कधी नसत.

बाबांनी डावा तळवा उजव्या डोळ्यावर घट्ट ठेवला. दुसऱ्या हाताने चिमट्यात धरून वीट काढली आणि वाकले.

“घाल,” ते म्हणाले.

थोरल्याने घातलं.

पुन्हा वीट, पुन्हा बघणं. “घाल.”

हे चालत राहिलं. मागच्या तीन भट्ट्यांना जिथे ‘थांब’ आलं होतं, ती वेळ येऊन गेली. थोरल्याला ते आवाजावरून कळत होतं. घुमणं आता खालच्या पट्टीत गेलं होतं आणि धुराड्याच्या टोकावरचा धूर संपला होता. बाबा थांब म्हणत नव्हते. धाकट्याने एकदा पुढे पाऊल टाकलं. आत्याने त्याचा दंड धरला.

“घाल.”

बाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते पुसत नव्हते. पुसलं तर हात हलेल, हात हलला तर दुसरा डोळा उघडेल, अशी त्यांना भीती असावी. ते खूप वेळ वाकलेले राहिले, इतका वेळ की थोरल्याला वाटलं, यांना काही दिसत नाहीये. सगळं संपलं, आता माल वितळणार.

“थांब,” बाबा म्हणाले.

थोरल्याने हातातलं लाकूड खाली टाकलं.

“इकडे ये.”

तो जागेवरून हलला नाही. ती जागा त्याची नव्हती. लहानपणी तिथे चेंडू गेला तरी तो आणायला जायचा नाही. चाळिशी उलटलेला, दोन माणसांचं ओझं उचलणारा माणूस, आणि त्याचे पाय खरोखरच उचलेनात.

“ये लवकर. हा रंग राहत नाही.”

तो गेला. बाबा बाजूला झाले, पण तळवा डोळ्यावर तसाच होता. थोरला वाकला. चेहऱ्यावर धग आली. आतले वाडगे दिसले, ताटल्यांच्या थप्प्या दिसल्या, सगळ्यांच्या कडा उजळलेल्या. वस्तू कुठली आणि आग कुठली हे सांगता येत नव्हतं. कित्येक वर्षं तो ऐकत आला होता, खिडकीतला पिवळा, खिडकीतला पिवळा. घरात कुणाला काही जमलं की आजही म्हणत, खिडकीतला पिवळा दिसला याला.

“काय दिसतं?” बाबांनी विचारलं.

खोटं बोलावं का, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

“सांग. तुला काय दिसतं ते सांग, मला काय दिसतं ते नको.”

“पांढरा आहे, बाबा.”

“नीट बघ. पिवळा?”

“पिवळा नाहीये. अजिबात नाही. दुधात जरासं काही पडलं तर पडलं, एवढाच. पिवळा मघाशी होता, तीन भट्ट्यांना तुम्ही थांबलात ना, तेव्हा तोंडाशी मला दिसला होता. तो कधीच गेला.”

बाबा ऐकत होते. इतकी वर्षं त्यांनी जो शब्द वापरला, जो शब्द घरादाराच्या तोंडी बसला, तो या आगीचा नव्हताच. तो त्यांच्या डोळ्याचा होता.

“ठेव डोक्यात,” ते म्हणाले. “तुला दिसतोय तोच. मी सांगितलेला नाही.” मग, आगीकडे न बघता, “बरंच झालं म्हणायचं. मी तुला आधी सांगितलं असतं, पिवळ्यावर थांब म्हटलं असतं, तर चुकीचंच सांगितलं असतं.”

थोरला सरळ झाला. त्याच्या भुवया पुन्हा करपल्या होत्या. आवाज त्याचा चढला नाही, आत्ताही नाही.

“तरी सांगायचं होतंत, बाबा,” तो म्हणाला. “चुकीचं तर चुकीचं.”

बाबांनी डोळ्यावरचा तळवा काढला. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी आपल्या मुलाकडे बघितलं, आणि त्याचे केस पिकायला लागलेत हे त्यांना दोन्हींतून सारखंच दिसलं.

“हो,” ते म्हणाले.

चिमटा त्यांनी त्याच्या हातात दिला. थोरल्याने वीट उचलली आणि खिडकी बंद केली.